सातव्या पाटीची गोष्ट

सोमवार, ३ नोव्हेंबर

पाय सुजलेत, पण पोचलो! तीन पाट्या तपासून झाल्या. खोलीत दोन खाटा, एक खिडकी, ती नीट लागत नाही. खालून समुद्राचा आवाज सतत येतोय. मला आवडतो.

कड्यावरच्या या वाटेवर अकरा ठिकाणी दंतकथांच्या पाट्या आहेत. तीस वर्षांपूर्वी मीच रंगवल्या. आता समिती त्या काढून छापील पत्र्याच्या लावणार. "तुमचंच काम, तुम्हीच मजकूर तपासा," म्हणाले. शेवटी एका फॉर्मवर सही द्यायची, की प्रत्येक गोष्ट गावकऱ्यांकडून ऐकलेली आहे.

ही सोबत आली. उंचीच्या भीतीनं जन्मात या वाटेवर फिरकली नव्हती. आता निवृत्त झाल्यावर म्हणते, "वीस वर्षं खालच्या गावात मुलांना या पाट्यांवरच्या गोष्टी शिकवल्या. एकदा जागा तरी बघू दे." मी तीनदा नको म्हणालो. उंचीमुळे नव्हे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज लोखंडी शिडी. बावन्न पायऱ्या, खाली नुसतं पाणी. ही डोळे अर्धे मिटून पाढे म्हणत चढली. सत्तावीसच्या पाढ्याला वर पोचली! मी मागे होतो, पाय घसरलाच तर धरायला. "म्हणजे दोघंही जाऊ," म्हणाली. वर गेल्यावर गालांवर लाली, केस विस्कटलेले. फार छान दिसत होती. तसं म्हटलं नाही, लगेच म्हणते काय हवंय.

राक्षसाचा दात आणि बुडालेलं गाव – दोन्ही पाट्या ठणठणीत. हात चांगला होता तेव्हा माझा.

उद्या सातवी. इथे लिहूनच टाकतो. त्या वेळी कचेरीतून दहाच मजकूर आले. सातवा कागद आलाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी उद्घाटन. कोरी पाटी कशी ठेवणार? मग रंगवता रंगवता गोष्ट रचली. डोक्यावर मोळी घेऊन एक बाई कडा चढत होती, भरती आली, ती समुद्राला म्हणाली, "थांब जरा, मी चढतेय." आणि समुद्र थांबला. इथवर पाटी भरली. अक्षरं मोठी काढली होती, शेवटाला जागाच उरली नाही. नवशिकासुद्धा आधी खडूनं ओळी आखून घेतो!

हिला कधी बोललो नाही. ज्या बाईनं काना-मात्रा चुकली तरी लाल शाई वापरली, तिला काय सांगणार?

बुधवार, ५ नोव्हेंबर

सांगितलं.

हिनं सातवी पाटी वर्गातल्या आवाजात वाचली. मग शेजारच्या खडकावर हात ठेवून म्हणाली, "थांब जरा." इथे येणारे सगळेच तसं म्हणतात म्हणे. मला राहवेना. म्हटलं, "अगं, ही गोष्ट माझी आहे. मीच केली."

"कधी?"

"रंग वाळायच्या आत."

खडकावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "परीक्षेत विचारायचे मी ही. मार्क कापलेत पोरांचे." बस्स, एवढंच.

पुढे साखळीची अरुंद वाट. माझा हात धरला नाही. माझ्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा मात्र घट्ट धरला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अबोला. वारा जोराचा. दहाव्या पाटीपर्यंत आलो. तरी सांगून टाकल्यावर झोप मस्त लागली, खोटं कशाला बोलू.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

वाट संपली! अकरावी पाटी, मग उतार, मग चहाची टपरी. चहावाला चाळिशीचा, बोलघेवडा. पाट्या बघून आलो म्हटल्यावर सुरूच झाला. "सातवी वाचलीत? आमच्या पणजीपासून चालत आलेली गोष्ट आहे ती. पाटीवर अर्धीच आहे. ती बाई वर पोचली, मोळी टेकवली, आणि वळून समुद्राला म्हणाली, झालं रे बाबा, ये आता. तेव्हा कुठे लाट आली."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. हे मी लिहिलं नव्हतं! मनातसुद्धा आलं नव्हतं. म्हणजे गोष्ट खरीच होती की काय? लहानपणी कधी कानावर पडली असेल आणि मी समजलो, माझीच. हिच्याकडे पाहिलं. टोपी, गॉगल, खाली मान. बिस्कीट बुडवत होती.

उद्या बिनधास्त सही ठोकतो. तीस वर्षांचं ओझं उतरलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी फॉर्म काढला तेव्हा ही बोलली. "मी तुमच्यावर रागावले नव्हते हो. तो चहावाला माझ्या वर्गात होता. मागच्या बाकावर पेंगायचा. पाटीवर शेवट नाही, मुलं रोज विचारायची, बाई, ती वर पोचली का? मग एक दिवस पोचवली मी तिला."

पेन माझ्या हातातून घेतलं आणि फॉर्मवर सातवीपुढे, 'गोष्ट कोणाकडून' या रकान्यात, दोघांची नावं लिहिली. स्वतःचं आधी.