शहाद्याला नेमकं कोण हरवलं

कोरीट, २ जून

तीर्थरूप मोतीफुईस,

चेतनाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे मजेत आहेत, आणि नेमकं तेच मला सहन होत नाही.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात 'आम्ही तोरणमाळला जाऊन आलो' असं मी लिहिलं, त्यातलं 'आम्ही' खोटं आहे. (लिहिताना तुमचे बंधू, आमचे आप्पा, मागे उभे होते.) बाकीचे गेले होते. मी शहाद्याच्या बसस्थानकावर होते.

झालं असं, की तिथे क्रुझर थांबल्यावर आजीनेच मला पाण्याची बाटली आणायला पाठवलं. तेवढ्यात आप्पांनी पुढच्या सीटवरून विचारलं, "आंडेर बसनी का?" आजीला 'आंडेर'चं 'आंडोर' ऐकू आलं, आणि आमचा भाऊराया ललित तर तिला टेकूनच वेफर्स खात होता. "बसना, बसना, चाला!" झालं. मुलीची चौकशी मुलाच्या हजेरीवर मिटली. ललितला विचारलं तर म्हणतो, "माले वाटनं तू मांगे झोपेल शे." (मागे फक्त गादी होती.) माझी आठवण कधी झाली, तर तळ्याकाठी कळण्याच्या भाकरीचा डबा उघडल्यावर. वाढायला कोणी नव्हतं!

माझा फोन गाडीतल्या पिशवीत राहिलेला. मी वाट पाहिली, मग सरळ एसटीने नंदुरबार गाठलं, तिथून कोरीट, आणि घरी खिचडी टाकली. इकडे आप्पांनी शहाद्याला परत येऊन बसस्थानकाच्या भोंग्यावरून माझं नाव, वय, ड्रेसचा रंग, सगळं पुकारून घेतलं. (रंगही चुकीचा सांगितला.) स्थानकात आपल्या गावची निम्मी मंडळी लग्नाहून परतत होती. तेव्हापासून गावात मी 'हरवलेली' आहे. दळण घेऊन गेले तरी गिरणीवाला म्हणतो, "घर सापडी ना व, बहीण?"

हेही मी सोसलं असतं. पण नाशिकच्या लॅबमधून मला नोकरीचं पत्र आलंय, आणि आप्पा म्हणतात, "शहादामा हराई गयी, नाशिकमा काय व्हई?" फुई, तुम्हीच सांगा, सोडून गेले ते, आणि घरी बसायचं मी?

तुमची,
चेतना

ता. क. तुमच्या शब्दापुढे आप्पा बोलत नाहीत. एक फोन करा, आणि पगार सुरू होईपर्यंत मला नाशिकला तुमच्याकडे राहू द्या. 'मी सोडायला येतो' म्हणाले तर ठाम नको म्हणा.

आणखी एक. वर मी 'वाट पाहिली' असं लिहिलंय, ते अपुरं आहे. मी उसाचा रस घेतला, बाकावर निवांत बसले, आणि कितीतरी वेळ कोणीही मला काही आणायला सांगितलं नाही. फुई, फार बरं वाटलं. म्हणून तुमचा फोन आला तरी आणि नाही आला तरी, मी निघतेय: सोमवार, १५ जून.