खिळ्याच्या सावलीवरील टिपण

५ ऑक्टोबर, सकाळ
मेहुणी येऊन गेली. हिचे वाचनमंडळ इतकी वर्षे दर बुधवारी दुपारी आमच्याच दिवाणखान्यात भरत आले. आता ही नाही, तेव्हा पुढच्या बैठका मंडळातल्याच दंतवैद्यांच्या घरी घ्याव्यात, असे मंडळींचे मत पडले म्हणे. कारण काय, तर मला त्रास नको. त्रासाचा प्रश्नच उद्भवत नाही, असे मी शांतपणे सांगितले. येत्या बुधवारची बैठक इथेच होईल आणि ती मी स्वतः चालवीन. विषय हिने ठरवून ठेवलेलाच आहे: अनुवादित जपानी लघुकविता.
कवितेत मला गती नाही, हे मान्य. परंतु उभी हयात सरकारी कचेरीत जाडजूड अहवालांची टिपणे काढण्यात गेली. तीन ओळींचे टिपण म्हणजे डाव्या हातचा मळ.
ऐन वेळी जागा बदलून लोकांची गैरसोय होऊ नये, एवढाच माझा हेतू.

६ ऑक्टोबर
अभ्यासास प्रारंभ. हिच्या पुस्तकातली पहिली कविता:

चित्र उतरवले;
खिळ्याची सावली
भिंतभर.

त्रुटी: चित्र कोणाचे, कोणी उतरवले, कोणाच्या परवानगीने, काहीही नमूद नाही. खिळा वेळीच उपटून भोकात पुट्टी भरली असती, तर कवितेची वेळच आली नसती.
समासात हिने पेन्सिलीने फक्त ‘हं’ असे लिहिले आहे. अभिप्राय म्हणून अपुरा. दिवसभर तोच वाचत होतो.

८ ऑक्टोबर
टिपण अकरा पानांचे झाले. मेहुणीला वाचून दाखवले. नाकापेक्षा मोती जड झालाय भाऊजी, असे ती म्हणाली. मी पार्श्वभूमी समजावून देऊ लागलो, तोच तिने हिचे कपाट आवरायला घेऊ या का, असे विचारले. तूर्त जपानी काम हाती असल्यामुळे सवड नाही, असे कळवले. कपाटाची किल्ली माझ्या खिशातच असते. ती केवळ हरवू नये म्हणून.
मुलाचा फोन. बाबा, जेवलात का, असे त्याने विचारले. मी त्याला जपानी कवितेतील अक्षरसंख्येविषयी बरेच सांगितले. सगळे ऐकून त्याने पुन्हा तेच विचारले. लाइन खराब असावी.

९ ऑक्टोबर
ह्या काव्यप्रकाराचा मुख्य नियम प्रस्तावनेत सापडला. भावनेचे नाव घ्यायचे नाही. समोर दिसते तेवढेच सांगायचे. म्हणजे मी आजन्म जपानीच आहे. ही गेली तेव्हापासून भाऊजींच्या डोळ्यांतून टिपूस नाही, असे मेहुणी साऱ्या नात्यागोत्यात सांगत फिरते. तिला ह्या नियमाची कल्पना नसावी.
सरावासाठी स्वतः एक लिहिली:

आरशाखाली
दोन ब्रश.
एक कोरडा.

पुन्हा वाचता, ही कविता नसून वस्तुस्थिती आहे, असे आढळले. रद्द.

११ ऑक्टोबर, बुधवार, संध्याकाळ
बैठक पार पडली. सर्व जण वेळेवर हजर. मी उभे राहून खिळ्याची कविता वाचली आणि मुद्दा क्रमांक एक मांडू लागलो. ग्रंथपालबाईंनी मध्येच विचारले, की ते सगळे राहू द्या, ऐकताना तुम्हाला काय वाटते? हा मुद्दा टिपणात नव्हता.
मी म्हणालो, “वाटण्याजोगे ह्यात काही नाही. चित्र होते. आता नाही.”
एवढे म्हटल्यावर घसा बसला. पंख्याचा वारा थेट अंगावर येत होता. मेहुणीने हातातले कागद काढून घेतले आणि मला खाली बसवले. दंतवैद्य बराच वेळ चष्मा पुसत राहिले. त्यांनाही पंखा बाधला असावा. चहा न घेताच मंडळी उठली.
दारात ग्रंथपालबाई हळू आवाजात म्हणाल्या, “पुढच्या बुधवारपासून दंतवैद्यांकडेच भेटू. तुम्हीही या. इथे तुम्हाला फार त्रास होतो.”
त्रास नव्हे, घसा, असा खुलासा मी केला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. खुलासा मान्य झाला की नाही, ते समजले नाही.

१८ ऑक्टोबर, बुधवार, दुपार
बैठक दंतवैद्यांकडे. मी गेलो नाही. मंडळींची इतक्या वर्षांची सवय. एखादे माणूस चुकून इकडेच आले, तर दार उघडायला कोणी तरी हवे. खुर्च्या मांडल्या, हिच्या पद्धतीप्रमाणे गोल. टिपण फाडून टाकले. नुसती कविता वाचायची, असे ठरवले आहे.
साडेचारच्या सुमारास बेल वाजली. शर्ट नीट खोचून दार उघडले. शेजाऱ्यांचे पार्सल घेऊन कुरिअरवाला. सही केली आणि आत येऊन बसा म्हटले. घाईत आहे काका, असे तो म्हणाला.
तीनच ओळी आहेत, असे मी त्याला सांगितले. तोवर तो जिना उतरून गेला होता.