मुक्काम : हे घर, कायम

२७ जानेवारी, सोमवार
आले बाई एकदाची रावेरला! चंपालालकाकांचा केळीचा मोठा व्यापार, घराणं मूळचं मारवाडचं. त्यांना घराण्याच्या इतिहासाची वेबसाइट हवीय. जुने फोटो स्कॅन करायचे आणि प्रत्येक फाइलीच्या आतच नाव, तारीख, मुक्काम भरायचा, एवढंच माझं काम. काका म्हणाले, त्यांच्या वंशावळीच्या वहीत भाटाने चढवलेलं नाव कधी खोडत नाहीत, इथेही तोच नेम. म्हटलं, बरं! त्यांच्या मुलाने, अखिलभाऊंनी, खुर्चीत बसवून माझाही फोटो काढला. रविवारी धुळ्याला ताईचा साखरपुडा आहे. शनिवारी निघणार म्हणजे निघणार.

३० जानेवारी, गुरुवार
शहाणपणा नडला. एकेक फाइल भरायचा कंटाळा आला म्हणून सगळे फोटो एकदम निवडले आणि काकांनी दिलेली ओळ चिकटवली : ‘मुक्काम : हे घर, कायम.’ त्यात माझाही फोटो होता! तेवढी ओळ तीनदा पुसली, तीनदा परत आली. त्याच खुर्चीतल्या आणखी एका मुलीच्या फोटोतही तीच ओळ. नाव सुलक्षणा. काका म्हणाले, आधी हे काम तीच करायची, न सांगता गेली. तिच्या चपला अजून माझ्या खाटेखाली आहेत.

१ फेब्रुवारी, शनिवार
बॅग घेऊन रिक्षाने स्टँडला निघाले. उतरले, तर समोर याच घराचं फाटक. रिक्षावाल्याला चांगलंच झापलं. तो म्हणे, स्टँड आठेच शे ना अक्का. त्याला स्टँड इथेच दिसत होतं! मग चालत गेले. केळीचे ट्रक ओलांडले, वळले — पुन्हा फाटक. चारदा. मला भीती वाटतेय.

२ फेब्रुवारी, रविवार
आईला फोन लावला. कोण बोलतंय, विचारलं तिने. मी दिपमाला म्हणून ओरडले, तिला ऐकूच गेलं नाही. मागे साखरपुड्याची गाणी चालू होती. खूप रडले. खाली माझं ताटही मांडलं नव्हतं.

५ फेब्रुवारी
नवी मुलगी आलीय. पुनम, मुक्ताईनगरची. अखिलभाऊ तिला सांगत होते, आधीची न सांगता गेली. अहो, मी इथेच उभी आहे! तिला खुर्चीत बसवलं — फोटो —

८ फेब्रुवारी
कंटाळलीय ती. सगळे फोटो एकदम निवडतेय — तिचाही — हात धरते, धरताच येत नाही — पुनम, अगं तुझा तेवढा वगळ — पुनम, सेव्ह करू न—