मेलेला माल

प्रिय चिमणे,

तीन आठवडे फोन उचलत नाहीस, म्हणून पेन धरलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. सातवीतच शाळेनं मला सोडलं, मी शाळेला. लागेल तेवढं वाच.

तुझ्या कंपनीच्या त्या पोटाच्या पुड्या. पोस्टबायोटिक. नाव घेईस्तोवर माझा एक ट्रे भाजून निघतो. औषधांनी माझं पोट बिघडलं म्हणून तू खोका घेऊन आलीस, आणि मी काय केलं? बेकरीवाल्यानं जे करावं तेच. खमीर आलं की कोमट साखरपाण्यात टाकून बघायचं. फेस आला तर जिवंत, नाही तर केरात. तुझी पुडी अर्धा तास ढिम्म. झालं, गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, पोरीच्या कंपनीनं मेलेला माल खपवलाय! तू म्हणालीस, बाबा, हे जंतू मुद्दाम मारलेलेच असतात, त्यांनी बनवून ठेवलेलं पोटाला उपयोगी पडतं. मी म्हटलं, मेलेले कामावर जातात, मग पगार कोण घेतो? सगळे खो खो हसले. तू खोका ठेवून निघून गेलीस. माझंच डोकं, भट्टीपेक्षा आधी तापतं.

दुसऱ्या दिवशी पाव बाहेर काढताना लक्षात आलं. अगं, भट्टीत खमीर मरतंच की! तरी पाव फुगलेला राहतो, चव राहते. मेल्यावरही केलेलं काम मागे उरतं. चाळीस वर्षं हेच विकतोय आणि तुलाच अक्कल शिकवली. एवढंच सांगत होतीस ना? मग सरळ पावाचं उदाहरण द्यायचं, पुस्तकी कशाला बोलायचं?

पुड्या रोज घेतोय. पोट जरा बरं वाटतं, की मनाचा खेळ, देव जाणे. पण पट्टा दोन भोकं आत गेलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुडी खुशाल घ्या, पण शौचातून रक्त पडतंय त्यावर ती इलाज नाही. गुरुवारी नळी घालून बघायचंय. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘रक्त कधीपासून’ या रकान्यात खरं लिहिलं, चार महिने. तुला बोललो नव्हतो. बोललो असतो तर गोंधळ घातला असतास.

सोबत घरचं माणूस लागतं म्हणे. त्या रकान्यात तुझं नाव टाकून आलोय, न विचारता. सकाळी आठला. पत्र आपल्या पावाच्या गाडीवाल्याकडे देतोय, उत्तर त्याच्याच हाती धाड. यायचं नसेल तर खोडतो. पण बाईंनी शाईनं लिहायला लावलं होतं.

तुझाच,
तापट बाप