एकेचाळीस नंबरचं ताट

बाई, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि आज शनिवारी सकाळी मी सिंगापुरात, सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहिते आहे, कारण समोरच्या खोलीचं दार बंद आहे आणि माझ्या हातांना काहीतरी काम हवं आहे. त्या दारामागे आठ वर्षांची एक मुलगी आहे आणि फॉस्टरिंगच्या, म्हणजे अशा मुलांना सांभाळणारी घरं शोधणाऱ्या, ऑफिसातून आलेली एक अधिकारी. पोरीला आईवडील दोघंही नाहीत. दहा महिन्यांपूर्वी ती आमच्याकडे राहायला आली, आणि आता ती मोठी होईपर्यंत इथेच राहणार की दुसऱ्या घरी जाणार, ते ठरायचं आहे. आम्ही दोघांनी हो म्हटलंय. आता राहिलं तिचं म्हणणं. अधिकारी म्हणाली, मी अर्धा तास तिच्याशी एकटीशी बोलेन. नवरा तेवढं ऐकून खाली निघून गेला. या देशाच्या स्वातंत्र्याची पन्नाशी म्हणून ब्लॉकभर झेंडे लागलेत, त्यांच्याखाली चकरा मारत असेल. मी दोनदा चहा ठेवला आणि दोन्ही वेळा उतू घालवला. तुम्ही असतात तर नुसतं फडकं पुढे केलं असतंत.

माझी भीती अगदी साधी आहे. ही मुलगी मला कुठल्याच नावाने हाक मारत नाही. नवऱ्याला पहिल्या दिवसापासून अंकल म्हणते. माझ्याजवळ मात्र येऊन नुसती उभी राहते, मी वर बघेपर्यंत. शाळेच्या फॉर्मवर सही हवी असली की फॉर्म पुढे सरकवते. चूक माझीच. ती आली त्या संध्याकाळी, बॅग अजून दारातच होती, आणि मी तिला जवळ घेऊन सांगून टाकलं, मला आई म्हणायचं. आमच्या भाषेतला शब्द आहे, सोपा आहे, म्हणून दाखव बघू. तिने म्हणून दाखवला नाही, आणि मग आँटीसुद्धा कधी म्हणाली नाही. जिला काहीच म्हणत नाही तिच्याकडे कायमचं राहायचंय का, असं विचारल्यावर ती काय सांगेल? मला तेव्हा एवढी घाई कशाची झाली होती ते तुम्हाला सांगायला नको.

नको कसं, सांगतेच. बाबा गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते. तुम्ही गावाबाहेरच्या बालिकाश्रमात रेक्टर म्हणून लागलात आणि आपण तिथल्याच दोन खोल्यांत राहिलो. चाळीस मुली आणि मी. त्या तुम्हाला बाई म्हणायच्या, म्हणून मीही बाई. त्या अहो-जाहो करायच्या, म्हणून मीही. प्रत्येकीच्या ताटावर नंबर घातलेला. माझा एकेचाळीस, म्हणजे पंगतीत सगळ्यांत शेवटी, आणि माझ्यापर्यंत येईतो भाजीत नुसता रस्सा. सात वर्षांची असताना मी अंगात ताप घेऊन जेवायच्या खोलीत आले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने "आई" म्हणाले. चाळीसजणींचे हात थांबले. तुम्ही डाव आमटीत ठेवलात आणि शांतपणे म्हणालात, "इथे मी बाई. तुझीसुद्धा." मग माझ्या कपाळाला हात लावून बघितलंत आणि पुढच्या ताटाकडे वळलात. ताप तीन दिवस होता, तिन्ही दिवस तुम्ही उशाशी बसून होतात, पण माझ्या लक्षात राहिलं ते वाक्य. पुढे मी लग्न करून सिंगापूरला निघाले, तेव्हा माझ्या मैत्रिणींच्या आयांनी लोणच्याच्या बरण्या आणि मेतकूट दिलं, आणि तुम्ही दिलंत ते ताट, वर्तमानपत्रात गुंडाळून. मला इतका राग आला की मी ते तसंच बॉम्ब शेल्टरमध्ये टाकून दिलं. इथल्या नव्या फ्लॅटांत अशी जाड भिंतींची एक खोली असते, युद्ध झालं तर लपायला. आम्ही सगळे तिच्यात तांदूळ आणि जुन्या बॅगा ठेवतो.

गेल्या शनिवारी दुपारी मी एकटीच सिनेमाला गेले. नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेली अनाथ ज्यू मुलं. युद्ध संपल्यावर त्यांना परक्या देशातल्या एका मोठ्या घरात आणून ठेवतात, आणि ती हळूहळू शिकतात, ढकलाढकली न करता जेवायला, दार आतून लावून आंघोळ करायला, भांडायला, नापास व्हायला. खरं सांगायचं तर मी शिकवणी घ्यायला गेले होते. अशी मुलं आपलीशी कशी करतात, ते एकदा बघून यावं म्हणून. शेवटी तीच मुलं म्हातारी होऊन कॅमेऱ्यासमोर बसतात. त्यांतली एक आजी त्या घरात त्यांना सांभाळणारीबद्दल म्हणाली, "तिने आम्हाला कधी आई म्हणायला लावलं नाही. आमच्या आयांची जागा तिने रिकामी ठेवली, म्हणून आम्ही तिच्याकडे राहू शकलो." दिवे लागले तरी मी उठेना. शेजारच्या चिनी आजोबांनी टिश्यूचं पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं आणि ते निघून गेले. त्या चाळीसजणींच्या आयांची जागा रिकामी ठेवायची तर तुम्हाला माझ्या आईचीही ठेवावी लागली, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं, बाई. पटलेलं अजूनही नाही. माझी आई जिवंत होती, डाव हातात घेऊन समोर उभी होती.

घरी आले तर ही पोर तुमच्या ताटात दहीभात जेवत बसलेली. तिनेच बॉम्ब शेल्टरमधून शोधून काढलं होतं. काठावरच्या नंबरावर बोट ठेवून, अधूनमधून 'लाह' जोडतात त्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "फॉर्टी-वन इज हू?" मी म्हटलं, मी. "देन द अदर फॉर्टी, वेअर?" मग मी तिला सगळं सांगितलं, आश्रम, पंगत, ताप. तू तुझ्या आईला काय म्हणायचीस, असं तिने विचारलं, तेव्हा तेही सांगितलं. आणि धीर करून सांगितलं की पहिल्या दिवशी मी चुकले, तुझी आई ती तुझी आई, मला आई म्हणायची गरज नाही. तिने भात संपवला, ताट स्वतः धुतलं आणि "ओके" म्हणाली. बस. त्यालाही आठवडा झाला. ताट ती रोज घेते, पण हाक नाही ती नाहीच. आता मला दुसरीच धास्ती लागली आहे, की तिने ऐकलं ते असं तर नसेल, की मी तुझी कुणीच नाही. तुम्हाला कधी अशी धास्ती वाटली होती का? वाटली असेल तर चेहऱ्यावर कधी दिसू दिली नाहीत.

अर्धा तास होऊन गेला. मघाशी आत खुर्ची सरकली, मग काहीच नाही. नवरा वर येऊन दारात चपला न काढता उभा आहे आणि मला खुणेने विचारतो आहे, काय झालं. मला काय माहीत. ती तिथे खाली मान घालून बसली असेल. खांदे उडवत असेल. मी इथे काय लिहिते आहे तेही मला

बाई, दार उघडलं. ती बाहेर आली नाही, आतूनच ओरडली. पहिल्यांदा मला कळलंच नाही की कुणाला हाक मारते आहे, नवऱ्याने माझ्याकडे बघितलं तेव्हा कळलं. "बाई, कम लाह! शी वाँट टु सी माय प्लेट."

मला उठायला हवं, ताट ओट्यावर पालथं आहे, ते पुसून न्यायचं आहे. हा कागद कुठे जाणार नाही, ताटाच्या त्या जुन्या वर्तमानपत्रात घडी घालून ठेवीन. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात, तुम्हाला ऐकू येणं थांबल्यावर, मी तुमच्या कानाशी वाकून आई म्हटलं होतं. आणि म्हणायच्या आधी मागे वळून बघितलं होतं, दारात कुणी मुलगी उभी नाही ना.