हळदीकुंकवाचा कोपरा

पळसदेव, ता. इंदापूर
१९ मे

श्रीयुत माधवराव यांस संभाजीचा पळसदेवहून सप्रेम नमस्कार. सौ. विनयावहिनींना नमस्कार, अद्वय आणि ओवीला आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याचं कसं काय? (निर्गुडीचा पाला शेकतोस का, की तेही आता मोबाइलवर बघूनच बरं वाटतं?) पत्र उघडल्याबरोबर आधी त्याचे चारही कोपरे नीट बघून घे. शाबूत आहेत. म्हणजे इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, आबांसकट. मयताचं पत्र कोपरा फाडून धाडायचं आणि शुभकार्याचं कोपऱ्याला हळदीकुंकू लावून, ही आपल्याकडची रीत तू पुण्यात राहून विसरला असशील म्हणून मुद्दाम लिहितो. मीही विसरलो नव्हतो, पण तू दिलेला लॅपटॉप ती शिकलेलाच नव्हता, त्याला मी तरी काय करणार?

झालं असं. आमच्या धाकटीचा, स्वरूपाचा साखरपुडा गेल्या रविवारी साडेअकराला धरला होता. आता भाचीचा साखरपुडा आणि सख्खी आत्या नाही, हे कसं दिसतं? पण कुशाआक्का इंदापुरात आणि आमचं बोलणं तीन वर्षं बंद. कारण तुला माहीत आहे. थोरलीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत विजयसिंह दाजींचं नाव खताच्या दुकानदाराच्या खाली छापलं गेलं. (दुकानदाराने पत्रिकेचा खर्च केला होता, हे दाजींना सांगायची सोय नव्हती.) आक्का जेवणाच्या पंगतीतून उठून गेली ती परत पळसदेवला आली नाही. मीही तेव्हा रागाच्या भरात तिचा, दाजींचा आणि भाच्याचा, तिघांचे नंबर मोबाइलमध्ये ब्लॉक केले. राग महिन्याभरात उतरला, पण ब्लॉक कसं काढायचं ते मला येत नव्हतं आणि कुणाला विचारायची लाज वाटत होती. त्यामुळे भांडण चालूच राहिलं.

आबा म्हणाले, पोरीला कागदावर आवतण धाड. पण पोस्टाने पोचायला दिवस नव्हते आणि स्वतः जायचं तर आक्का दारातून परत लावील ही भीती. तेव्हा मला तुझी स्टेशनरी आठवली. दिवाळीत तू दाखवलं होतंस, की ईमेललाही नक्षीचा कागद असतो, रंग निवडायचा, कडेला वेलबुट्टी लावायची आणि कोपऱ्यात आपलं चित्र टाकायचं. भाचा ऋषिराज इंदापुरात ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो, त्याच्या पाटीवर ईमेलचा पत्ता आहे. म्हटलं, त्याच्याकडे मेल पडेल, तो छापून आईच्या हातात देईल, म्हणजे आवतण कागदावरच गेलं.

मग मी पहाटेपासून बसलो. हळदीसारखा पिवळा कागद निवडला. आबांचा हट्ट, की कोपऱ्याला खरं हळदीकुंकू पाहिजे. म्हणून ताटाखालच्या पांढऱ्या कागदावर आबांनी बोट बुडवून ठसे उमटवले, मी फोटो काढला आणि तो वरच्या उजव्या कोपऱ्यात चढवला. अक्षर साधं नको म्हणून बारामतीच्या छापखान्यातून आणलेला वळणदार फॉन्ट घातला. दाजींचं नाव सगळ्यांत वर, एकटं, मोठ्या टायपात. आधी स्वतःलाच पाठवून बघितलं. हुबेहूब आलं. आबांनी चष्मा लावून बघितलं आणि त्यांना गहिवरून आलं. मलाही आलं, खोटं कशाला सांगू. गुरुवारी सकाळी धाडून दिलं आणि उसाला पाणी द्यायला गेलो.

तिकडे काय उगवलं ते नंतर कळलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. दुकानात ऋषिराज नव्हता, त्याची बायको रेश्मा होती. तिने मेल उघडली. प्रिंटर काळापांढरा, त्यामुळे हळदीचा पिवळा रंग राखेसारखा उमटला. वळणदार फॉन्ट त्यांच्या मशीनमध्ये नाही, म्हणून मजकुराच्या जागी नुसते इंग्रजी चिन्हांचे किडेमकोडे. त्यातून आकडे तेवढे वाचता येत होते, ११.३०. आणि हळदीकुंकवाचं चित्र पोचलंच नाही. सगळा कागद करडा आणि वरचा उजवा कोपरा पांढराफटक. रेश्मा बिचारी नवी, तिला काही उमजेना, तिने तो कागद तसाच नेऊन सासूच्या हातात दिला. आक्काला वाचता येत नाही असं नाही, पण तिने वाचलंच नाही. करडा कागद, उडालेला कोपरा, तीन वर्षं न बोलणाऱ्या भावाकडून आलेला, आणि घरात अठ्ठ्याऐंशी वर्षांचा बाप. तिने तिथल्या तिथे हंबरडा फोडला. साडेअकरा म्हणजे उचलायची वेळ, हे दाजींनी ठरवलं. मला फोन लावले तर ते लागेनात. (ब्लॉक.) मग गाडी काढून सगळे निघाले.

सव्वाअकराच्या सुमारास मी पाणी धरून घरी येतो तो दारात ही गाडी. दाजी खांद्यावर पंचा टाकून खाली मान घालून उभे, ऋषिराजच्या हातात हार, आणि आक्का अंगणाच्या फाटकातूनच ओरडत आत शिरलेली, "आबा, मला न भेटताच गेलासा की हो." आबा लिंबाखाली बाजेवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "कोण गेलं गं कुशे?"

माधव, आक्का तिथंच मातीत बसली. मग उठली आणि बापाच्या गळ्यात पडून मघापेक्षा मोठ्याने रडली. आबा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि दुसऱ्या हाताने तिला शेंगदाणे देत होते. त्यानंतर तिने मला तासभर शिव्या दिल्या. तीन वर्षांच्या साठवलेल्या होत्या, एकही शिळी नव्हती. मी मान खाली घालून ऐकल्या आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं, असं म्हणत दाजींनी तो हार आबांच्याच गळ्यात घातला. आक्का रविवारपर्यंत राहिली आणि साखरपुड्याला दाजींना मी पहिल्या खुर्चीवर बसवलं. (खताचा दुकानदार मागे उभा होता.)

बिघाड कुठे होता ते ऋषिराजने शोधलं. म्हणाला, "मामा, चित्र तुमी तुमच्याच लॅपटॉपात ठेवलंय आणि पत्रात नुसता त्याचा पत्ता धाडलाय." म्हणजे हळदीकुंकू घरातच आणि आवतण इंदापुरात. मला दिसत होतं, कारण मी घरातच बसलो होतो. त्याने चित्र पत्राच्या आत बसवून दिलं, सगळीकडे चालणारा फॉन्ट टाकला आणि जाता जाता ब्लॉकही काढला. पण त्या गडबडीत आता प्रत्येक मेलला तोच हळदीकुंकवाचा कागद कायमचा होऊन बसला आहे. काल मी ठिबकच्या पाइपला भोकं पडल्याची तक्रार बारामतीच्या विक्रेत्याला धाडली, तर त्याचं उत्तर आलं, अभिनंदन, सहकुटुंब येतो. पाइपचं काय ते कळत नाही. साध्या कागदावर परत कसं यायचं, तेवढं सविस्तर कळव. बाकी उजनी धरणाचं पाणी उतरलंय, बुडालेलं देऊळ उघडं पडलंय, बघायला ये.

तुझा,
संभाजी

ता. क. : वरचं सोडून दे. साधा कागद राहू दे. मला उलटं पाहिजे. चित्र न पोचण्याचा तो बिघाड मुद्दाम परत कसा करायचा? ऋषिराजने इतकं पक्कं बसवलंय, की काही केल्या कोपरा उडत नाही. लोणी भापकरच्या जयवंता तात्यांना धाडायचंय. आबांचे धाकटे भाऊ, दोघांनी वाढवलेला बैल आबांनी न विचारता विकला म्हणून अकरा वर्षं बोलत नाहीत. मी आबांना म्हटलं, हे बरं नाही, जिवंत माणसाचा असा कागद धाडणं. तर म्हणाले, "त्यो मी मेल्यावर यील रं, न्हाय कोण म्हणतं? पर तवा मला दिसायचा न्हाय."

ता. क. दुसरा : वरची ओळ लिहीपर्यंत आबा शेजारी बसून होते. "त्याला कशाला इचारतोस, हातानं फाड की," म्हणाले, आणि कसा फाडायचा ते दाखवायला त्यांनी हाताला लागला तो कागद घेतला. तो हाच. तेव्हा सुरुवातीला चार कोपरे लिहिलेत तिथे तीन वाचावेत. आम्ही सगळे खुशाल आहोत, तू घाबरून निघू नकोस.

तरी निघालासच, तर वाटेत लोणी भापकरला तात्यांच्या दारावरून ये, आणि त्यांना हा कागद नुसता लांबून दाखव.