ओठ आधी, आवाज मागून

८ जानेवारी
पोचलो एकदाचा. ग्वादालाहारा मोठे शहर आहे, एवढेच त्याचे कौतुक. बसमध्ये शेजारचा जाड्या माझ्या खांद्यावर मान टाकून घोरत आला. मी मात्र पायाखालची पेटी सोडली नाही. तिच्यात माझा लाकडी मुखवटा आहे. तरी मन खुशीत आहे. या वयात मला कुणी नाचायला नव्हे, नुसते चालायला बोलावून घेते!

इथे एका कारखान्यात संगणकावर सिनेमा करतात. त्यातला म्हातारा बसायच्या जागी गळू झाल्यासारखा चालतो आणि बोलताना पाण्याबाहेरच्या माशासारखे तोंड हलवतो. कारखान्याची मुख्य ब्रिसेइदा नावाची पोरगी. तिने आमच्या तळ्याकाठी मुखवटे घालून करायचा म्हाताऱ्यांचा नाच पाहिला आणि मलाच उचलले. काम तीन आठवड्यांचे. कांदेलारियाच्या सणाला, दोन फेब्रुवारीला, मी घरी हवा. नाचात पुढे मीच असतो. मी नसलो तर मेव्हणा फेलिसियानो पुढे उभा राहील, आणि तो नाचतो म्हणजे गाढव चिखलातून पाय उपसते. जाताना ओतिलियाला, माझ्या बायकोला, शब्द देऊन आलो आहे.

१० जानेवारी
कूकाबाईच्या खानावळीत खोली मिळाली. बाई बरी आहे, घेवडा मात्र कच्चा ठेवते. इथले लोक पाव तिखट रश्शात बुडवून खातात आणि कोपरापर्यंत ओघळ आले की त्याला चव म्हणतात.

कामावर मला काळे घट्ट कपडे चढवले आणि अंगभर पांढऱ्या गोळ्या चिकटवल्या. मग क्रुसावर चढवल्यासारखे हात पसरून उभे राहायचे, म्हणजे संगणकाला माझे माप कळते. याइर नावाचा कानात बाळी घातलेला पोरगा म्हणाला, "आजोबा, पोट आत घ्या की, गोळ्या गळतायत." मी म्हटले, तुझ्या वयात मला पोट नव्हते आणि तुझ्याएवढी अक्कलही नव्हती, म्हणून दोन्ही पायांवर उभा राहू शकलो. सगळे हसले. तोही हसला, निर्लज्ज.

१४ जानेवारी
भिंतीवरच्या पडद्यावर तो म्हातारा आता माझ्यासारखा चालतो. डावा गुडघा जरा बाहेर फेकतो, वळताना आधी खांदा वळवतो. मला आवडले, पण कुणाला सांगितले नाही. यांना शेफारायला वेळ लागत नाही.

आता तोंडाचे काम. चेहऱ्यावर काळे ठिपके, डोक्यावर लोखंडी टोप, आणि तोंडासमोर दांडीवर लोंबणारा कॅमेरा. ते घालून बोलायचे. फोनवर ओतिलियाला सांगितले तर ती घाबरलीच. "अहो, तोंडावर काही घालून बोलू नका!" आमच्याकडे रीत आहे, मुखवटा चढवला की शब्द काढायचा नाही. जो बोलतो त्याचा आवाज मुखवटा ठेवून घेतो, असे म्हणतात. बोलणाऱ्या पोरांना मी स्वतः काठीने झोडले आहे. पण हा काय मुखवटा आहे? ही कढई आहे कढई. दिवसभर बोललो.

१७ जानेवारी
याइर माझे बोलणे त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर बसवतो. आवाज येण्याच्या किंचित आधी त्याचे ओठ उघडतात. मी म्हटले, चुकलास. तर मलाच शिकवतो! ओठ आवाजाबरोबर उघडले की बघणाऱ्याला ते मागे पडल्यासारखे दिसतात, म्हणून जरा पुढे सरकवायचे, ही म्हणे त्यांच्या धंद्यातली रीत. खोटेपणालाही रीत असते, हे शहरात येऊन कळले.

पण तसे केल्यावर तो खरा वाटू लागला. अगदी खरा.

२० जानेवारी
आज टोप घालून पडद्यासमोर उभा होतो. पडद्यावरच्या म्हाताऱ्याने नाक खाजवले. मग माझे नाक खाजले. मग मी हात उचलला.

याइरला सांगितले. तो म्हणाला, "तो वेळेवर येतो आजोबा, म्हातारेच उशिरा पोचतात." माठ कुठला.

२२ जानेवारी
याइरने टोप काढताना माझा कान ओढला. त्याला चांगली आईवरून शिवी देणार होतो, तोंडात तयार होती. पडद्यावर त्या म्हाताऱ्याचे ओठ हलले. मी वाचले ते. आणि माझ्या तोंडून निघाले, "उपकार झाले, बाळा."

मी! बाळा!

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. ब्रिसेइदा म्हणाली, आजोबा शेवटी माणसाळले.

२४ जानेवारी
ठरवले, आजच सांगायचे की मी घरी निघालो. ब्रिसेइदासमोर उभा राहिलो. तिच्या मागे पडदा. बघायचे नव्हते, पण बघितले. तो आधी बोलला.

मग मी म्हणालो, "सणाला काही जात नाही. इथेच राहतो." तिने मला मिठी मारली. मूर्ख पोरगी, माझ्या डोळ्यांतले पाणी तिला आनंदाचे वाटले.

२५ जानेवारी
खानावळीतून ओतिलियाला फोन केला. इथे पडदा नाही. ती रडत होती, चिडली होती. म्हणाली, "सकाळी तुम्हीच सांगितलंत ना, फेलिसियानोला पुढे उभं करा म्हणून? मग आता कशाला फोन?"

मी सकाळी फोन केलाच नव्हता. तेच सांगायला तोंड उघडले. तोंड म्हणाले, "हो, मीच सांगितलं."

तिने फोन ठेवला.

२७ जानेवारी
बोलत नाही. तोंडाला फडके बांधले आहे. कूकाबाईला वाटते दाढ दुखते, लवंग आणून दिली.

सकाळी दाढी करत होतो. वस्तरा हातातून पडला. हात आपोआप पसरले, क्रुसासारखे. खाली घेता येईनात. कुठेतरी कुणीतरी पडद्यावरच्या म्हाताऱ्याला तसे उभे राहायला सांगितले असणार.

बाई दारात येऊन बघून गेली. म्हणाली, व्यायाम चांगला.

२८ जानेवारी
मुखवटा घेऊन कारखान्यात आलो. लाकडाचे ओठ हलत नाहीत, मग बघू तो कसा पुढे जातो. गावी जाणारी दुपारची बस पकडायची. जेवणाची वेळ, सगळे पाव बुडवायला गेलेत. गोळ्या नाहीत, टोप नाही. तरी पडदा चालू. तो बसला आहे.

मुखवटा चढवला.

त्याने वर पाहिले. फेलिसियानोकडे मी बघतो ना — तसे. किडा बघावा तसे —

चेहरा हलतो त्याचा. सगळा हलतो. माझा लाकडाचा —

उठता येत नाही. त्याच्या मांडीवरही अशीच वही आहे. लिहितो आहे. मी तेच लिहितो, तो एक शब्द पुढे —

ओतिलिया, मी नव्हतो तो. हे माझे, हे मी —

तो थांबला. हसला.

वही मिटली त्याने. पण माझे अजून